वाद फक्त तारखेचा होता

माईक वेबस्टर हा माजी फुटबॉलपटू कामातून गेला आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नव्हतं, वकिलाचं नव्हतं, आणि अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगच्या म्हणजे एनएफएलच्या निवृत्तिवेतन मंडळाचंही नव्हतं. खेळताना डोक्याला बसलेल्या मारामुळे तो असा झाला, हेसुद्धा मंडळाने लेखी मान्य केलं होतं. १९९९ मध्ये त्याला अपंगत्वाचा भत्ताही मंजूर झाला. वाद उरला तो तारखेचा. हा माणूस पूर्णपणे निकामी झाला तो नेमका कधी? १९९१ च्या मार्चमध्ये, खेळ सोडला तेव्हाच, की त्यानंतर पाचेक वर्षांनी? पहिली तारीख धरली तर भत्ता मोठा, दुसरी धरली तर लहान. मंडळाने दुसरी धरली. दोन्हींतला फरक दहा लाख डॉलरांच्या वरचा होता. वेबस्टर २४ सप्टेंबर २००२ रोजी वारला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. तारखेचा निकाल लागला डिसेंबर २००६ मध्ये.

आपल्याकडे निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो, आणि आपण त्यावर विनोद करतो. वेबस्टरपुढचं काम याच्या उलटं होतं. आपण धड माणूस म्हणून कधीपासून उरलो नाही, याचा दाखला त्याने द्यायचा होता. तोही ज्या डोक्याने द्यायचा तेच डोकं गेल्यावर.

या खेळाबद्दल वाद घालताना लोक नेहमी एकच प्रश्न विचारतात: त्याला धोका माहीत नव्हता का? मला हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. पुरावा कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न आहे. ज्या धंद्यात माणसाची स्मरणशक्तीच झिजते, त्या धंद्याने त्याच माणसाकडे तारीखवार हिशेब मागू नये. उलट, हा आजार आमच्या कामामुळे झालेला नाही, हे धंद्याने दाखवून द्यावं. नाही दाखवता आलं तर पैसे मोजावेत.

अमेरिकेतला फुटबॉल पायाने कमी आणि अंगाने जास्त खेळतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातला सेंटर नावाचा गडी मात्र फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक डाव त्याच्यापासून सुरू होतो. तो वाकून जमिनीवरचा चेंडू धरतो आणि दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याच्या हातात देतो. चेंडू देताना त्याचा एक हात अडकलेला असतो, आणि त्याच क्षणी समोर हातभर अंतरावर टपून बसलेला शंभर-सव्वाशे किलोचा गडी त्याच्यावर झेप घेतो. पहिली टक्कर बहुधा डोक्याची. मग चेंडू जातो, फेक होते, धाव होते, टाळ्या पडतात, आणि सेंटर उठून पुन्हा वाकतो. एका सामन्यात साठेक वेळा तरी. कॅमेरा त्याच्याकडे सहसा वळत नाही, फार तर त्याची चूक झाली की वळतो.

शिरस्त्राणाचा मुद्दा इथे कुणीतरी काढतोच. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, हे खरं. पण मेंदू कवटीला चिकटलेला नसतो. डबा पोलादी असला म्हणून आतलं दही हलायचं राहत नाही. शिवाय शिरस्त्राण कणखर झालं तसं डोकंच हत्यार झालं; उघड्या डोक्याने कुणी शहाणा माणूस अशी धडक मारणार नाही.

वेबस्टर विस्कॉन्सिनचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. १९७४ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने त्याला पाचव्या फेरीत घेतलं, एकूण यादीत १२५ वा. सेंटर म्हणून तो अंगाने कमी पडेल असं अनेकांना वाटत होतं. त्याच वर्षी त्याच संघाने निवडलेली आणखी तीन पोरं, लिन स्वान, जॅक लँबर्ट आणि जॉन स्टॉलवर्थ, पुढे त्याच्याबरोबर कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या दालनात, जाऊन बसली. एका वर्षाच्या निवडीतून असं चौघांचं भाग्य दुसऱ्या कुठल्या संघाला क्वचितच लाभलं असेल. स्टीलर्सने सहा मोसमांत चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले आणि चारही वेळा वेबस्टर संघात होता. १९७४ ते १९८५ या काळात तो सलग १७७ सामने खेळला. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही उघड्या दंडांनी मैदानात उतरायचा. पोलादाच्या गावाने त्याला 'आयर्न माईक' म्हणायला सुरुवात केली. शेवटचे दोन मोसम तो कॅन्सस सिटी चीफ्सकडे होता. एकूण १७ मोसम आणि २४५ सामने. ढोबळ गुणाकार केला तरी दहा हजारांहून अधिक टकरा होतात, आणि त्यात सराव धरलेला नाही. सराव त्या काळी सामन्याइतकाच जोरात चालायचा.

हे सगळं मी कौतुकाने लिहितो आहे, ते लपवत नाही. हा खेळ मला आवडतो. तो आवडणाऱ्यांनीच या प्रश्नावर बोललं पाहिजे असं मला वाटतं. ज्यांना तो मुळातच रानटी वाटतो त्यांचं उत्तर सोपं असतं, बंद करा म्हणून ते मोकळे होतात. बंद तो होणार नाही.

मैदान सोडल्यावर वेबस्टरचं जे झालं ते पुष्कळदा लिहून झालं आहे, म्हणून थोडक्यात. पैसा गेला, संसार मोडला. कधी मोटेलमध्ये, कधी रेल्वे स्टेशनवर, कधी स्वतःच्या ट्रकमध्ये तो झोपायचा. झोपही येत नसे; झोप लागावी म्हणून तो विजेचा झटका देणारी टेझर बंदूक स्वतःवर चालवून घ्यायचा. पडलेले दात गोंदाने चिकटवायचा. डोकं थोडा वेळ तरी जाग्यावर राहावं म्हणून रिटॅलिनच्या गोळ्या घ्यायचा, आणि १९९९ मध्ये त्याच गोळ्यांच्या खोट्या चिठ्ठ्या केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. रात्र रात्र बसून तो पत्रं लिहायचा, शेकड्यांनी. वाक्य एका विषयावर सुरू व्हायचं आणि मध्येच कुठेतरी हरवायचं. ज्या माणसाकडून मंडळाला पाच वर्षांचा सुसंगत हिशेब हवा होता तो हा माणूस.

मंडळाचं म्हणणं असं, की १९९१ नंतर त्याने अधूनमधून काही कामधंदा केला होता, म्हणजे तो तेव्हा पुरता निकामी नव्हता. यावरच मंडळाने निकाल दिला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत होतं की तो खेळ सोडतानाच निकामी झालेला होता, आणि त्यांत मंडळाने स्वतः नेमलेला डॉक्टरही होता. तरी मंडळ हललं नाही. शेवटी चौथ्या सर्किटच्या, म्हणजे त्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने वेबस्टरच्या वारसांच्या बाजूने कौल दिला: सगळे डॉक्टर एक सांगत असताना मंडळाला दुसरं ठरवण्याचा आधार नव्हता. पैसे वारसांना मिळाले.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली होती. वेबस्टरचं शव पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी कौंटीच्या कॉरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या कार्यालयात आलं तेव्हा बेनेट ओमालू नावाचा नायजेरियात जन्मलेला तरुण डॉक्टर कामावर होता. हा माईक वेबस्टर कोण, हे त्याला माहीत नव्हतं. फुटबॉलशी त्याचा काही संबंधच नव्हता. मृत्यूचं कारण हृदयविकार; तेवढं लिहून फाईल मिटवता आली असती. मेंदू वरून पाहता ठीकच दिसत होता. पण जिवंतपणी असं वागणाऱ्या माणसाचा मेंदू इतका ठीक कसा, हे त्याला खटकलं. त्याने मेंदू राखून ठेवला, पदरमोड करून काचपट्ट्या बनवून घेतल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या पाहिल्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत दिसणारा आजार तो हाच, सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी. २००५ मध्ये 'न्यूरोसर्जरी' या नियतकालिकात त्याचा निबंध आला. हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने मार खाऊन खाऊन बधिर झालेल्या मुष्टियोद्ध्यांबद्दल लिहिलं होतं ते १९२८ साली. म्हणजे डोक्यावर वर्षानुवर्षं मार बसला की काय होतं, हे शास्त्राला पाऊणशे वर्षं ठाऊक होतं. ते फुटबॉलला लावून पाहण्याची तसदी कुणी घेतली नव्हती, एवढंच.

आणि लीगने काय केलं? १९९४ पासून तिची स्वतःची मेंदू-इजा समिती होती. तिचा अध्यक्ष इलियट पेलमन हा न्यू यॉर्क जेट्सचा डॉक्टर, आणि त्याची विद्या सांधेदुखीची. मेंदूच्या समितीवर संधिवाताचा वैद्य. ही समिती २००३ पासून त्याच नियतकालिकात एकामागून एक निबंध छापत होती, आणि सूर एकच होता: खेळाडूंच्या मेंदूला दीर्घकाळ टिकणारी इजा होत असल्याचं काही दिसत नाही. ओमालूचा निबंध आल्यावर समितीच्या सदस्यांनी तो मागे घ्या अशी मागणी केली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. लीगची समिती जगाला सांगते, फुटबॉलमुळे मेंदू बिघडत असल्याचा पुरावा नाही. लीगचं निवृत्तिवेतन मंडळ त्याच्या काही वर्षं आधीच वेबस्टरला भत्ता मंजूर करतं आणि कारण लिहितं, फुटबॉल खेळताना डोक्याला झालेल्या इजा. मंडळात निम्मे सदस्य मालकांचे आणि निम्मे खेळाडूंच्या संघटनेचे, तेव्हा हे सगळं पाप मालकांच्याच माथी मारता येत नाही. संघटनेच्या लोकांनाही ते पत्र ठाऊक असायला हवं होतं. पण ज्या खेळाडूने त्या वर्षी करारावर सही केली त्याला हे पत्र कुणी दाखवलं? 'त्याने जाणूनबुजून धोका पत्करला' या वाक्यातलं 'जाणून' इथेच गळून पडतं. गुडघा जाईल, खांदा जाईल, हे प्रत्येकाला माहीत होतं. चाळिशीत पोरांची नावं विसरशील, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही मी माहितीच्या मुद्द्यावर थांबत नाही, कारण आता माहिती आहे. आजच्या खेळाडूला सीटीई हा शब्द शाळेतच कळतो. लीगच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मार्च २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या सदस्यांसमोर फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध असल्याचं कबूल केलं. मग आता तरी जबाबदारी संपली का? इथे मला पिट्सबर्गच्याच आसपासचं उदाहरण आठवतं. हा सगळा भाग कोळशाचा. वेबस्टरचा वकील बॉब फिट्झसिमन्स हाही वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगचा, खाणींच्या मुलखातला. कोळशाची धूळ छातीत जाऊन 'काळं फुप्फुस' होतं हे खाणकामगाराला काय माहीत नव्हतं? बापाला, आज्याला खोकताना पाहून तो खाणीत उतरत होता. म्हणून कायद्याने त्याला 'तू जाणून उतरलास' असं ऐकवलं नाही. १९६९ च्या कायद्याने एक सोपी गोष्ट केली: दहा वर्षं खाणीत काम केलं असेल आणि हा रोग असेल, तर तो खाणीमुळेच झाला असं गृहीत धरायचं. १९७२ मध्ये आणखी एक पाऊल पडलं: पंधरा वर्षं जमिनीखाली काम आणि श्वसनाने माणूस पुरता निकामी, तर त्याला काळं फुप्फुसच आहे असं धरून चालायचं. तसं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर. ही पंधरा वर्षांची तरतूद १९८१ च्या दुरुस्तीने पुढच्या दाव्यांसाठी काढली गेली आणि २०१० मध्ये परत आली. ज्याच्यावर जबाबदारी ठरवता येत नाही अशा दाव्यांचे पैसे प्रत्येक टन कोळशावरच्या करातून उभ्या केलेल्या निधीतून दिले जातात.

वेबस्टर १७ मोसम खेळला. खाणीतला माणूस असता तर त्याला तारखेसाठी भांडावं लागलं नसतं.

मला हवं आहे ते एवढंच. ठरावीक मोसम खेळलेल्या माणसाला ठरावीक वयाच्या आत स्मृतिभ्रंश किंवा तत्सम आजार झाला, की तो खेळामुळे झाला असं धरायचं. मोसम किती, हे सेंटर आणि पुढच्या फळीत भिडणाऱ्या लाइनमनसाठी वेगळं, किक मारणाऱ्यासाठी वेगळं ठेवता येईल. वर्षाला वीस अब्ज डॉलरांच्या वर उलाढाल असलेल्या लीगला प्रत्येक प्रक्षेपण करारातून एक छोटा वाटा या निधीत टाकणं जड नाही. टनामागे कर बसतो, तसा सामन्यामागे बसवा.

यावर डॉक्टरमंडळींचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सीटीईचं पक्कं निदान अजूनही मेल्यानंतरच होतं, मेंदू कापून. बोस्टन विद्यापीठाने २०२३ पर्यंत तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंपैकी ३४५ जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. आकडा भयंकर आहे, पण मेंदू दान करणारी घरं बहुधा तीच, जिथे आधीच काहीतरी बिनसलं होतं. यावरून दर शंभर खेळाडूंत किती, हे काढता येत नाही. संशोधक स्वतःच तसं बजावतात. शिवाय टाऊच्या गुठळ्या किती आणि माणसाचं वागणं किती बिघडलं, याचं गणितही नीट जुळलेलं नाही. त्यात दारू, वेदनाशामकं, उत्तेजकं, आनुवंशिकता असं बरंच मिसळलेलं असतं. मान्य. पण ही अनिश्चितता कुणाच्या खात्यात टाकायची, हे शास्त्र ठरवत नाही. ते आपण ठरवतो. खाणकामगारही विड्या ओढत होतेच. त्या धुरातून कोळशाची धूळ वेगळी काढून दाखव, असं त्यांना कायद्याने म्हटलं नाही.

डेव्ह ड्युअरसनबद्दल लिहिताना हात अडखळतो. शिकागो बेअर्स संघाचा हा सेफ्टी, म्हणजे बचावफळीतला मागचा गडी, दोन वेगवेगळ्या संघांतून सुपर बोल जिंकलेला, खेळानंतर धंद्यात उतरलेला हुशार गडी. पुढे तो संघटनेतर्फे त्याच निवृत्तिवेतन मंडळावर बसला. अपंगत्वाचे दावे वाचायचे आणि कौल द्यायचा. २००७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याने सांगितलं, की माझ्या वडिलांना अल्झायमर आहे आणि ते कधी कुठला व्यावसायिक खेळ खेळले नाहीत. संबंध जोडण्याची घाई करू नका, असा त्याचा रोख. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने फ्लोरिडातल्या घरी छातीत गोळी झाडून घेतली. डोक्यात नाही, छातीत. मेंदू तपासायला द्या, असं लिहून ठेवलं होतं. सीटीई निघाला. हा माणूस खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पुरावा मागणाऱ्या खुर्चीत बसला की पुरावा मागणं हेच शहाणपण वाटू लागतं. मग तो पुरावा स्वतःच्या कवटीत का असेना.

लीग आता बदलली, असं सांगितलं जातं. काही बाबतींत बदलली. किकऑफचे नियम बदलले, सरावातल्या टकरा कमी झाल्या, भोवंड आलेल्या गड्याला बाजूला काढून तपासतात. पण ती तपासणी मोठ्या, दिसणाऱ्या धडकेसाठी आहे. सेंटरचा मेंदू झिजतो तो साठ छोट्या धडकांनी, ज्यातली एकही टीव्हीवर पुन्हा दाखवत नाहीत.

आणि तडजोडीचं काय झालं? हजारो माजी खेळाडूंनी खटले भरल्यावर २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरांची तडजोड जाहीर झाली. एवढे पैसे पुरतील का, अशी शंका घेऊन न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ती अडवली, आणि २०१५ मध्ये वरची मर्यादा काढून मंजूर झाली. दोष कबूल न करता. एक अब्जाहून अधिक डॉलर वाटलेही गेले, ते नाकारत नाही. पण वाटपाचे नियम पाहा. वय जास्त तर रक्कम कमी. पक्षाघात झाला असेल तर पंचाहत्तर टक्के कापा. सगळ्यांत वाईट म्हणजे बुद्धीच्या चाचणीत काळ्या खेळाडूंसाठी वेगळी मोजपट्टी वापरली जात होती: त्यांची बुद्धी मुळातच कमी धरायची, म्हणजे घसरण सिद्ध करायला त्यांना आणखी खाली जावं लागणार. ज्या खेळात बहुसंख्य खेळाडू काळे आहेत त्या खेळात ही मोजपट्टी काही वर्षं चालली. केव्हिन हेन्री आणि नाजे डेव्हनपोर्ट या दोघा माजी खेळाडूंनी २०२० मध्ये खटला भरला तेव्हा ती हटवण्याची हालचाल सुरू झाली. हेन्री स्टीलर्सचाच, आणि डेव्हनपोर्टही काही काळ तिथे खेळलेला.

शिवाय मृत्यूनंतर सापडलेल्या सीटीईसाठी या तडजोडीत एक तारीख आहे: २२ एप्रिल २०१५. त्याआधी मेलेल्याच्या वारसांना जास्तीत जास्त ४० लाख डॉलरांपर्यंत मिळू शकतात. त्यानंतर मेलेल्याच्या मेंदूत तोच आजार, तितक्याच गुठळ्या सापडल्या, तरी त्यासाठी काही नाही. लोक पैशासाठी जीव देतील, अशी त्यामागची भीती असं समर्थन दिलं जातं. खाणमालकांनी असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करावा.

आता काही संघांच्या खेळाडूंच्या दातांमध्ये संवेदक बसवलेला रबराचा तुकडा असतो. प्रत्येक टक्कर किती जोराची, किती वेळा, सगळं नोंदलं जातं. संशोधनासाठी, सुरक्षेसाठी. चांगलंच आहे. वेबस्टरकडे असलं काही नव्हतं; त्याच्या टकरांचा हिशेब कुणाकडेच नाही. पण आजच्या सेंटरची वही भरते आहे, आणि ती भरणारा वेतन देणाराच आहे. वीस वर्षांनी हा सेंटर त्याच मंडळापुढे उभा राहील, आणि त्याला विचारतील, कधीपासून? तेव्हा ती वही कुणाच्या कपाटात असेल? खेळाडूंच्या संघटनेने पुढच्या करारात पगाराच्या आकड्याआधी हे कलम मागावं: प्रत्येक मोसमाच्या शेवटी त्या नोंदींची प्रत खेळाडूच्या हातात, सहीशिक्क्यासह.